ठिबकसारखंच समजा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही ठरवूनच ठेवला होता. 'ग्रामीण भागातील संगणक क्रांतीचा एक साक्षीदार'. मी म्हणालो, साहेब, क्रांतीबिंती मी काही पाहिली नाही. मी बारामतीत आयुष्यभर कॉम्प्युटर दुरुस्त केले. त्यातलं निम्मं आयुष्य ब्लोअरनं धूळ उडवण्यात गेलं आणि उरलेलं, 'तुम्ही काय केलं होतं?' असं विचारून 'काहीच नाही' हे उत्तर ऐकण्यात. ते हसले आणि म्हणाले, मग तेच लिहा.

तर तेच लिहितो.

मी कऱ्हाटीचा. माझ्याआधी घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजोबा मेंढरं घेऊन मुलूख हिंडायचे, वडलांनी मेंढरं मोडून जमीन धरली, आणि मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. हे मी त्या काळी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायचो. दुकानाच्या पाटीवर नावापुढं बी.एस्सी. होतं. पेंटर म्हणाला, 'फिजिक्स' लिहायला जागा उरली नाही. मी दुसरी, लांब पाटी करून घेतली. यावरून काय ते ओळखा.

नव्वदच्या दशकात आमच्याकडं लोक कॉम्प्युटरला एक तर भ्यायचे, नाही तर पुजायचे. वापरायचं कुणी नाही. इंदापूरच्या एका डॉक्टरांनी कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली बांधली, तिला एसी बसवला, दारावर 'चपला काढून आत यावे' असं लिहिलं. पेशंट बाहेर पत्र्याखाली घाम पुसत बसलेले. मशिन 'स्लो' झालंय म्हणून मला बोलावणं आलं. पाहिलं तर त्यावर पत्त्यांच्या डावाशिवाय काहीच चालत नव्हतं. मी म्हणालो, "डॉक्टर, डाव अडकलाय. मशिन नाही." परत त्यांचं बोलावणं आलं नाही.

सणसरचा एक गुऱ्हाळवाला. त्यानं कॉम्प्युटर मांडला होता उसाच्या रसाच्या काहिलीपासून वीस पावलांवर. फ्लॉपी आत जात नाही ही तक्रार. उघडलं तर आत मुंग्यांचं गाव वसलेलं. गुळाच्या हातानं फ्लॉप्या घालायच्या, दुसरं काय होणार? मी म्हणालो, "हात धुऊन बसत जावा." तो म्हणाला, "ते झालंच हो. पर मुंग्या वॉरंटीत बसत्यात का, एवढं सांगा."

हे किस्से मी दुकानात रंगवून सांगायचो. ऐकायला चार माणसं कायम असायची आणि चहा माझाच असायचा. माझी समजूत अशी, की या तालुक्यात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा, आणि बाकीची प्रजा माझ्या करमणुकीसाठी आहे. पण सगळ्यात जास्त हशा ज्या किश्शाला मिळायचा, तो डाळजच्या ॲसिडवाल्या आबांचा. तो आज लिहायचाय. पण दुकानात सांगायचो तसा नाही.

दुकानाशिवाय माझं एक जोडकाम होतं. बारामतीतल्या एका कॉम्प्युटर क्लासची दहा मशिनं सांभाळायची आणि संध्याकाळी दोन तास शिकवायचं. त्या क्लासच्या मालकांना सगळे 'संचालक' म्हणत. मशिनांवर प्लास्टिकची कव्हरं, कव्हरांवर नंबर, आणि मुलांना बोट लावायला मिळायचं वीस मिनिटं. उरलेला वेळ फळ्यावर कीबोर्डाचं चित्र काढून शिकायचं. अशा क्लासात अर्चना यायची, भिगवणजवळच्या डाळजहून, एसटीनं. चित्रकला शिक्षकाची पदविका झालेली. सगळ्या बॅचमध्ये हिला एकटीला कॉम्प्युटर खरोखर कमी पडत होता.

घरी तिच्यासाठी मशिन मीच जोडून दिलं होतं. त्यावर ती एक फिल्म करत होती, तीस सेकंदांची. धरणाचं पाणी उतरत जातं, बुडालेल्या गावातल्या विहिरीचं तोंड उघडं पडतं आणि एक बगळा येऊन काठावर बसतो. एवढीच. परराज्यातल्या एका मोठ्या संस्थेत ॲनिमेशन शिकायला जायचं तर अशी फिल्म सीडीवर घालून ठरल्या तारखेच्या आत पोचवावी लागायची. मी ऐकून म्हणालो होतो, "म्हणजे कार्टून." ती म्हणाली, "हो सर, कार्टून," आणि पुढच्या कामाला लागली. मी केलेल्या अपमानाची तिनं दखलच घेतली नाही, याचा मला राग आला होता.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगतो. चित्र हलतं दिसायचं तर एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात. तीस सेकंदांना साडेसातशे. तिनं विहीर, पाणी, ऊन सगळं आत मांडून ठेवलेलं होतं. पण प्रत्येक चित्र शेवटी मशिननंच रंगवून काढायचं. पाण्यातलं प्रतिबिंब रंगवायला तिच्या मशिनला एका चित्रामागं पन्नास मिनिटं लागत. म्हणजे वीज एकदाही न जाता सव्वीस दिवस. तिच्या हातात होते एकवीस.

"उशिरा पोचलं तर पुढच्या वर्षी म्हणतात, सर," ती म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी इथं नसणार."

ते कोडं तिच्या वडलांनी, शिवरामआबांनी, नंतर फोडलं. घरात ठरलं होतं: यंदा तिकडं लागलं तर जायचं, नाही लागलं तर आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. आबा म्हणाले, "शबूद दिलाय मी दोन्हीकडं. पोरीला बी आन् पाव्हण्यांना बी." म्हणजे पोरीचं पुढचं आयुष्य पाच दिवसांच्या फरकावर येऊन अडलं होतं.

माझ्याकडं त्या पाच दिवसांवर औषध होतं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असलं फळ्यावरचं वाक्य मी लिहिणार नाही. तो राबणारा गडी आहे. बोर्डावर एक घड्याळ त्याला ताल देतं आणि त्या तालावर तो कामं उरकतो. त्या वर्षांत एक स्वस्तातला प्रोसेसर मिळायचा, त्यावर तीनशे लिहिलेलं असायचं. पण बोर्डावरची खूण बदलून घड्याळाचा ताल वाढवला, की तोच साडेचारशेनं पळायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पन्नास मिनिटांचं चित्र तेहेतीस मिनिटांत. सव्वीस दिवसांचं काम सव्वासतरा दिवसांत. बसतंय की नाही?

बसतं, पण पळवलेला गडी तापतो. पुण्यात, हिवाळ्यात, पंख्यावर निभतं. डाळजला एप्रिलात, पत्र्याच्या खोलीत पंखा हलवतो तो भट्टीचाच वारा. दहा मिनिटांत मशिन थिजून बसायचं.

पुण्याच्या बाजारात मी चार कागद पाहिले होते, कुणीतरी इंटरनेटवरून छापून आणलेले. परदेशात प्रोसेसरला तांब्याचा ठोकळा चिकटवून त्यातून पाणी फिरवतात, असं त्यात होतं. मी तिथल्या एका व्यापाऱ्याला म्हणालो, मी हे करणार. तो गल्ल्यामागून म्हणाला, "बारामतीत पाण्यावर कॉम्प्युटर? करा, करा. मग त्यात मासे पण सोडा. भिगवणचे." दुकानातली सगळी माणसं हसली.

ते हसू माझ्या डोक्यात गेलं. तोवर मी अर्चनाच्या फिल्मसाठी धडपडत होतो. तिथून पुढं त्या व्यापाऱ्याला खाली बघायला लावायला धडपडलो. दोन्हींत फरक आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

परदेशी सामान मिळणार कुठं आणि परवडणार कुणाला? भंगारवाल्याकडं जुन्या स्विचबोर्डातली जाड तांब्याची पट्टी मिळाली. ती घेऊन एमआयडीसीतल्या हुसेनमिस्त्रीकडं गेलो. त्यांनी माझ्या चित्राबरहुकूम तिच्यात नागमोडी चर पाडला. पाणी एका तोंडानं आत, वळणं घेत दुसऱ्यानं बाहेर. वर झाकण हवं. मी ॲल्युमिनियमचा तुकडा पुढं केला.

"झाकण पितळंचं घ्या," मिस्त्री म्हणाले. "तांब्याशेजारी ॲल्युमिनियम बसवू नका. भांडत्यात ती."

"मिस्त्री, फिजिक्स मी शिकलोय."

"मी न्हाय शिकलो," मिस्त्री म्हणाले. "म्हून तर पितळ म्हणतोय."

पितळ शोधायला आणखी एक दिवस गेला असता. मी ॲल्युमिनियमच बसवलं.

बाकी सामान असं: टीव्ही दुरुस्तीवाल्याकडची पांढरी पेस्ट, ठोकळा आवळायला सायकलच्या आऱ्या वाकवून केलेली चिमटी, पाणी ढकलायला कूलरची छोटी मोटर. आणि तापलेलं पाणी पुन्हा गार करायला खोलीतला पत्र्याचा कूलरच. प्रोसेसरवरून आलेलं पाणी कूलरच्या गवतावर सोडायचं, पंख्याच्या वाऱ्यानं ते गार होऊन खाली टाकीत, टाकीतून परत प्रोसेसरवर. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, तेच तत्त्व. वर्षानुवर्षं पाझरलेल्या माठाला बाहेरून पांढरी खार धरते, हे माझ्या आईला ठाऊक होतं. मला तत्त्व ठाऊक होतं.

नळ्या बाजारात शोधल्या तेव्हा दवाखान्यातली सलाईनची नळी बारीक निघाली आणि बागेची हिरवी नळी जाड. शेवटी आबांच्याच शेतातल्या ठिबकच्या नळ्या कापून घेतल्या. आबांची डाळिंबाची बाग आणि वांगी, टोमॅटो, सगळं ठिबकवर. त्या भागात ठिबक घेणाऱ्या पहिल्या मंडळींतले ते. माणूस चौथीपर्यंत शिकलेला, पण नळीला कान लावून पाणी कुठं अडलंय ते सांगायचा.

मी जोडणी करत होतो आणि आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते. शेजारची दोन-तीन माणसंही जमलेली.

"हे तर ठिबकच हाय की, मास्तर," आबा म्हणाले. "ही मेन लाइन. ही सबमेन. आन् हितं झाड." असं म्हणून त्यांनी प्रोसेसरकडं बोट केलं.

मी परदेशी कागदांवरून उतरवलेलं, रात्रंदिवस डोक्यात घोळवलेलं यंत्र, आणि हा माणूस त्याला डाळिंबाच्या ओळीत नेऊन बसवतोय. मला ते लागलं.

"पाणी कुठलं घालायचं ह्याच्यात?" आबांनी विचारलं. "आमच्या बोअरचं जड हाय. खार लई."

खरं तर बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी हवं होतं. पण कूलर दिवसाला बादलीभर पाणी पिणार. तेवढं आणणार कुठून? तीन आठवड्यांत काय होतंय, असा मी विचार केला. म्हणजे विचार केला नाही.

"पाणी ते पाणी, आबा. घाला बोअरचं."

"आन् देखभाल काय करायची?"

आता हे वाक्य मी नीट लिहितो. कारण पुढं वर्षानुवर्षं हा किस्सा सांगताना मी नेमकं हेच गाळत आलो. मी मान वर न करता म्हणालो, "ठिबकसारखंच समजा ह्याला, आबा. तेवढं तरी येतं ना?"

जमलेली माणसं हसली. आबा हसले नाहीत.

"येतं," एवढंच म्हणाले.

यंत्र चाललं. चाललं म्हणजे कसं? तेहेतीस मिनिटांना एक चित्र. हात लावला तर ठोकळा गार. अर्चना वहीत एकेक आकडा लिहायची. वीज गेली की आबा तारांच्या दिशेला तोंड करून शिव्या द्यायचे आणि आली की मोटर आधी चालू, मशिन मागून, हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. मी इकडं बारामतीत सगळ्यांना सांगत सुटलो. पुण्याच्या व्यापाऱ्याला मुद्दाम फोन करून म्हणालो, "मासे सुखरूप आहेत."

अकराव्या दिवशी अर्चनानं एसटीडी बूथवरून दुकानात फोन केला. "सर, परतीचं पाणी बारीक झालंय. मशिन अडकतंय सारखं."

दुकान भरलेलं. मी याच यंत्राची गोष्ट रंगवत होतो. तीच सोडून यंत्राकडं कशाला जाऊ? "परवा येतो," म्हणालो.

"आबा म्हणतायत, मी बघू का?"

"बघू देत की. बघून काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी ती दोनच शब्द बोलली. "सर, या."

गेलो. काय झालं होतं ते तिनंच सांगितलं. आबा दारात उभे होते, हातात लिटमस कागदाची वही. ठिबकच्या नळ्यांत खार धरली की बागाईतदार काय करतो? ॲसिड ट्रीटमेंट. पाण्यात ठरल्या मापानं ॲसिड मिसळायचं, लिटमस कागद बुडवून जोर बघायचा, नळ्या भरून चोवीस तास ठेवायच्या, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन काढायच्या. आबांनी यातलं एक पाऊल चुकवलं नव्हतं. मशिन रीतसर बंद केलं. कूलर बाजूला काढला, म्हणजे त्याचा पत्रा खराब व्हायला नको. ठोकळ्यात ॲसिडचं पाणी भरलं. आतून फेस आला तेव्हा खूशही झाले, की खार सुटतेय. खार सुटत होतीच. तिच्याबरोबर माझं ॲल्युमिनियमचं झाकणही सुटत होतं. चोवीस तास भरल्यावर सगळं धुऊन, जोडून मोटर चालू केली, आणि चाळण झालेल्या झाकणातून बारीक कारंजं थेट बोर्डावर.

बोर्ड गेला, प्रोसेसर गेला. वासावरूनच कळत होतं.

"ॲसिड?" मी ओरडलो. "आबा, कॉम्प्युटरला ॲसिड घालतं का कुणी? अहो, ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालायचा? पोरीचं वाटोळं केलंत की!"

शेजारची माणसं पुन्हा जमली होती. तीच, मागच्या वेळी हसलेली. आबांनी माझ्याकडं पाहिलं. माझं वाक्य त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी ते उच्चारलं नाही. मुलीच्या मास्तराला चार माणसांत खाली बघायला लावायचं नाही, एवढी रीत त्यांच्याकडं होती. माझ्याकडं नव्हती.

अर्चना म्हणाली, "सर, ते नंतर. आधी किती वाचलंय ते बघा."

हार्ड डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती, कोरडी. चारशे बारा चित्रं शाबूत. तीनशे अडतीस बाकी. जोडणीत दोन दिवस गेलेलेच होते, सीडी पोचायला आणखी दोन धरले तर हातात पाच. मी कागदावर मांडत गेलो. साध्या वेगानं जवळजवळ बारा दिवस. नवा प्रोसेसर आणून पुन्हा साडेचारशेला पळवला तरी पावणेआठ.

"आणखी पळवू," मी म्हणालो. "पाचशेच्या वर नेऊ. पाण्यात बर्फ टाकू. भिगवणला माशांचा बर्फ मिळतो."

दारात उभे असलेले आबा तेव्हा बोलले.

"म्हंजे परत त्योच?"

"म्हणजे?"

"एकाच बैलाला टोचून टोचून पळवायचं, त्याला धाप लागली की बादल्या वतायच्या, आन् आता म्हणताय बरफ घाला. मास्तर, एवढी कालिजं केली तुमी. दुसरा बैल जुपायचं कुणी शिकवलं न्हाय व्हय तितं?"

तो सल्ला नव्हता. टोमणा होता, अस्सल, आणि माझ्या लायकीचा. मी पुन्हा कागद पुढं ओढला. कारण तीनशे अडतीस चित्रं एकाच मशिननं काढावीत असा कुठं नियम होता? एक चित्र दुसऱ्यावर अवलंबून नव्हतं. आणि बारामतीत दहा बैल प्लास्टिकची कव्हरं पांघरून उभे होते.

क्लासची मशिनं जुनी, रडकी. एका चित्राला दोन तास घेतील. दहा मशिनं, दिवसाला एकशेवीस. तीन दिवस. आणि गावच्या यात्रेमुळं क्लास दुसऱ्या दिवसापासून बरोबर तीन दिवस बंद राहणार होता. किल्ली माझ्याकडं. संचालकांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

काही मशिनांना मेमरी कमी पडली, ती दुकानातली आणून लावली. अर्चनानं चित्रांच्या वाटण्या केल्या. आबा पहिल्या एसटीनं हजर. क्लासच्या दारावरही चपलांची पाटी होती, ती वाचून त्यांनी चपला बाहेर काढल्या. मग फळ्यावरचं कीबोर्डाचं चित्र पुसून त्यांनी तिथं दहा चौकोन काढले.

"हे काय, आबा?"

"वाफं," आबा म्हणाले. "पानी धरताना ध्यान नगं का, कुठला भरला, कुठला ऱ्हायला?"

तीन दिवस हा माणूस मशिनांच्या रांगेतून फिरत होता. ओल्या फडक्यानं फरशी पुसायचा, खिडकी किती उघडायची ते वारा बघून ठरवायचा. "अर्चे, चार नंबर भरला गं! दारं मोड, फुडच्याला पाणी दे!" अर्चना हसत उठायची आणि पुढच्या चित्राचा आकडा घालायची. सात नंबरचं मशिन सारखं अडायचं. त्याला आबांनी 'माजुरडं' नाव ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा चौकोन भरला तेव्हा बाहेर यात्रेतली दारू उडत होती. ती आम्ही आमच्यासाठीच धरून चाललो.

सीडी तारखेच्या आत पोचली. मुलाखतीचं बोलावणं आलं, नंतर प्रवेशही. आबांनी पाव्हण्यांकडचा शब्द कसा परत घेतला ते त्यांनाच ठाऊक. इकडं यात्रा संपून चौथ्या दिवशी क्लास उघडला तेव्हा संचालकांना कव्हरांच्या घड्या चुकलेल्या दिसल्या आणि फळ्यावर वाफे. माझं तिथलं काम सुटलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढल्या वर्षांबद्दल, आणि स्वतःबद्दल. कारण मी हा किस्सा सांगू लागलो. 'डाळजचे आबा कॉम्प्युटरला ॲसिड पाजतात.' लोक पोट धरून हसायचे. मिस्त्रींचं पितळ मी गाळलं. बैलाचा टोमणा गाळला. दहा मशिनांची युक्ती माझी झाली. आणि ते वाक्य तर मुळातूनच गाळलं.

दीड-दोन वर्षांनी अर्चनाचं पत्र आलं. लिहिलं होतं: 'सर, इथं अशी पुष्कळ मशिनं एकत्र लावून चित्रं काढतात, त्याला रेंडर फार्म म्हणतात. खरंच, फार्म! मी सांगितलं तर आबांना वाटेल चेष्टा करतेय. तुम्ही सांगा.' मी पत्र खणात ठेवलं. सांगितलं नाही. माझी युक्ती म्हणून जी गोष्ट गावभर झाली होती, ती आबांना कुठल्या तोंडानं परत करणार?

मग एके दिवशी दुकानात किस्सा रंगात आलेला. "आणि मग आबा लिटमस कागद बुडवून म्हणतात कसे..." हशा पिकला. त्या हशात एक ओळखीचा आवाज होता. वळून पाहिलं तर पायरीवर शिवरामआबा, बाजाराची पिशवी घेऊन. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. तेही हसत होते, डोळे पुसत.

"झ्याक सांगता हो, मास्तर," ते आत येऊन बसले. "आता तुमी काय म्हणला व्हता ते बी सांगा की. त्याशिवाय मज्जा न्हाय येत."

चारही माणसं माझ्याकडं बघत होती. पाटीवर बी.एस्सी. फिजिक्स.

मी सांगितलं. 'ठिबकसारखंच समजा ह्याला, आबा. तेवढं तरी येतं ना?' जसं होतं तसं, त्याच आवाजात. कुणी हसलं नाही. मग मिस्त्रींचं पितळ सांगितलं, बैल सांगितला. सांगायला लागलो तर सगळंच बाहेर आलं. शेवटी खण उघडला, पत्र काढलं आणि ती ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"फार्म म्हंजे?" आबांनी विचारलं.

"शेत."

"शेत म्हणत्यात त्याला? कांपूटरवाली?"

"हो."

आबांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मग माझं कुठं चुकलं हो, मास्तर? शेताला ॲसिड चालतंय."